डीव्हीडीवरची मैफल पेनड्राइव्हवर घेताना दर वेळी काहीतरी बिघडतंच, त्याचा इलाज

आमच्याकडे बुटांचं एक खोकं भरून गाण्याच्या डीव्हीडी आहेत. थोड्या विकतच्या, बाकी सगळ्या घरच्या, म्हणजे गणपतीतले कार्यक्रम, काका पेटीला बसलेत अशा मैफली, एका गुरुपौर्णिमेचं जवळजवळ रात्रभराचं रेकॉर्डिंग, सगळं २००६-०७ च्या आसपास गावातल्या शूटिंगवाल्याने करून दिलेलं. डीव्हीडी प्लेयर कधीच भंगारात गेला, लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही, आणि गाणं ऐकायचं असतं गाडीत नाहीतर सकाळी फिरताना, तिथे पडदा काय कामाचा. म्हणून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणला आणि म्हटलं नुसता आवाज काढून घेऊ, एका रविवारचं काम. रविवार किती गेले ते विचारू नका. दर डिस्कला नवीन रडगाणं, आणि गंमत म्हणजे तीच चारपाच रडगाणी आलटून पालटून. एकदा कारण कळलं की सगळी सुटतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी ते तानेच्या मधोमध बसणारं 'टक्'. डिस्क उघडली की आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात व्हॉब एक्स्टेन्शनच्या मोठ्या फाइली, शेवटी १, २, ३, ४ असे आकडे. मी काय समजलो, चार फाइली म्हणजे चार गाणी! सरळ एकेक उचलून कुठल्यातरी फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये घातली, एमपी३ झाल्या, खूश. गाडीत ऐकतोय तर बडा ख्याल रंगात आलाय, तान वर चढतेय आणि बरोब्बर तिथे फाइल संपली, पुढची सुरू होताना एक हिसका, आणि मग तान उतरताना ऐकू येतेय. पायरी चुकून पाय पडावा तसं.

तर या व्हॉब फाइलींचा गाण्याशी काडीचा संबंध नसतो. डीव्हीडीच्या नियमात एक व्हॉब १ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून अख्खा कार्यक्रम १-१ जीबीचे तुकडे पाडून ठेवलेला असतो, सुरीने कलिंगड कापावं तसा, आत बी कुठे आहे ते न बघता. चित्र-आवाज मिळून सेकंदाला साधारण ६ मेगाबिट जात असतील तर १ जीबी म्हणजे २४ मिनिटं. तुमचा ख्याल पन्नास मिनिटांचा असेल तर तो दोन ठिकाणी तुटणारच. आणि ते 'टक्' कुठून येतं? डॉल्बीचा म्हणजे एसी३ आवाज ३२ मिलिसेकंदांच्या छोट्या छोट्या पुड्यांमध्ये बांधलेला असतो (एका पुडीत १५३६ सॅम्पल म्हणजे आवाजाचे नमुने, सेकंदाला ४८०००, भागून बघा), आणि डिस्कवर सगळा माल २०४८ बाइटच्या खणांमध्ये भरलेला. पुडी खणात मावली नाही तर उरलेली पुढच्या खणात. फाइल जिथे तुटते तिथे एखादी पुडी अर्धी इकडे अर्धी तिकडे राहते, फाइली वेगवेगळ्या उघडल्या की दोन्ही अर्ध्या वाया. ३२ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण मागे तंबोरा सलग चालू असताना तेवढं भोक कानाला लगेच लागतं.

इलाज एवढाच, व्हॉब फाइलींना हातच लावायचा नाही. डिस्कला डिस्क म्हणून वाचणारं सॉफ्टवेअर वापरायचं. मी मेकएमकेव्ही वापरतो, डीव्हीडीसाठी फुकट आहे. डिस्क उघडली की ते 'टायटल' दाखवतं, प्रत्येकापुढे किती मिनिटांचं ते लिहिलेलं. ज्याचा वेळ अख्ख्या कार्यक्रमाएवढा आहे ते टायटल टिक करायचं, बाकी सोडून द्यायचं. काही डिस्कवर अख्खा कार्यक्रम एक टायटल आणि परत प्रत्येक गाणं वेगळं टायटल असं दोन्ही असतं, मी पहिल्यांदा सगळंच टिक केलं आणि हार्डडिस्कवर सगळं दोनदा येऊन बसलं. अजून एक, यात दोन मिनिटांपेक्षा छोटी टायटल आपोआप गाळायची सेटिंग आधीपासून चालू असते. आमच्या एका डिस्कवर दीड मिनिटाचं ईशस्तवन वेगळं टायटल होतं, ते गायब! मी आपला डिस्क पुसतोय, परत परत घालतोय. सेटिंगमध्ये जाऊन तो १२० सेकंदांचा आकडा कमी केला, आलं.

इथे चित्रासकट एक मोठी एमकेव्ही फाइल हातात येते. मग एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकायची, व्हिडिओ आणि सबटायटलवरची टिक काढायची, आवाज आणि चॅप्टर राहू द्यायचे आणि सेव्ह. मिनिटभरात एमकेए नावाची नुसत्या आवाजाची फाइल तयार. यात आवाज 'कन्व्हर्ट' होत नाही हे महत्त्वाचं, डिस्कवर जसा होता तसाच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवला जातो, बाइटला बाइट. ही एमकेए फाइल म्हणजे आपलं मूळ. हिला कधी काही करायचं नाही, जे काय कापाकापी करायची ती हिच्या कॉपीवर. मी हे सुरुवातीला केलं नाही म्हणून त्याच डिस्क तीन तीन वेळा फिरवल्या.

याच रस्त्याने गेलं की अजून एक भानगड आपोआप मिटते. व्हॉब नुसती प्लेयरमध्ये टाकली की कधी कधी वेळ भलताच दिसतो, तासाच्या कार्यक्रमाला १३ तास नाहीतर ४ मिनिटं, आणि पुढे ढकलायला गेलं की भलतीकडेच उडी. फाइल खराब नसते, डिस्कवर आतली घड्याळं मधे मधे शून्यावर येतात म्हणून प्लेयर गोंधळतो. टायटल म्हणून काढलं की घड्याळ नीट सलग लागतं. आणि ज्यांना 'गाणं काढलं तर नुसतं मेन्यूचं म्युझिकच वाजतंय' असं होतंय त्यांनी शेवटी ० असलेली व्हॉब उचललीय, त्यात मेन्यू असतो.

विकतच्या डिस्कबद्दल एवढंच, त्यातल्या पुष्कळशांना कुलूप असतं आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ कलम येऊन कुलूप तोडण्याचा विषय त्यात घेतलाय. मी जे लिहितोय ते घरच्या बिनकुलपाच्या डिस्कचं. बाकी ज्याचं त्याने बघावं, आणि कलाकाराची मैफल काढून व्हॉट्सअ‍ॅपवर वाटत सुटू नका ही विनंती.

आता ज्या भानगडीने माझी घरात अब्रू गेली ती. काकांना सांगलीहून पुण्याला घेऊन चाललो होतो, म्हटलं सरप्राइज देऊ, त्यांनीच साथ केलेली मैफल लावली. दोन मिनिटं ऐकलं, मान हलेना. मग म्हणाले, "हे कोण गातंय?" मी नाव सांगितलं. "छे. ही काळी एक नव्हे. पांढरी एकच्याही खाली आहे. पेटीवर मी होतो, मला नको सांगूस." (काळी एक, पांढरी एक म्हणजे पेटीची घरं, ज्या घरावर गायकाचा सा ती त्याची पट्टी.) मी म्हटलं काका गाडीच्या आवाजात तसं वाटत असेल. त्यांनी सरळ फोन काढला, त्यातलं तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं, काळी एकचा षड्ज, आणि गाडीत जे काय वाजायला लागलं ते सहन होत नव्हतं. पुढचा अर्धा तास बंद, नुसता घाट.

झालं काय होतं, ती डिस्क एसी३ची नव्हती, एलपीसीएमची होती, म्हणजे आवाज अजिबात न दाबता ठेवलेला, काही डीव्हीडी रेकॉर्डरवर वरच्या क्वालिटीला तसा पर्याय असायचा. मी एका जुन्या सॉफ्टवेअरने तो कच्चा काढला आणि ऑडॅसिटी नावाच्या, आवाजाची कापाकापी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून आत घेतला. कच्च्या फाइलीवर काहीच लिहिलेलं नसतं, सॅम्पल रेट (सेकंदाला नमुने) किती, बाइटचा क्रम कुठला, सगळं आपणच सांगायचं. पहिल्यांदा नुसता खर्रर्र आवाज, नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा, कारण डीव्हीडीत बाइट उलट्या क्रमाने असतात, तिथे 'बिग एंडियन' निवडायचं. ते निवडलं, गाणं ऐकू आलं, त्या आनंदात शेजारचा रेटचा रकाना बघितलाच नाही. तिथे ४४१०० होतं. ऑडिओ सीडीचा रेट ४४१००, डीव्हीडीचा ४८०००. त्यामुळे सगळं सावकाश वाजलं आणि पट्टी जवळजवळ दीड सुराने, म्हणजे पेटीच्या दीड घराने उतरली. काकांचा कान शंभर टक्के बरोबर.

हे ओळखायला तंबोऱ्याच्या अ‍ॅपची गरज नाही, घड्याळ बघा. डिस्कवर ६० मिनिटांचं गाणं तुमच्या फाइलीत ६५ मिनिटं १८ सेकंद भरत असेल तर हेच झालंय, ४८ भागिले ४४.१. परत काढायचीही गरज नाही, ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून रेट ४८००० करा, पट्टी जागेवर. मात्र 'रीसॅम्पल' नावाचं वेगळं बटण आहे ते नाही, त्याने वेग तोच राहतो. आणि उलट प्रकार, ६० मिनिटांचं ५७ मिनिटं ३६ सेकंद झालंय आणि पट्टी थोडीशी चढलीय असं असेल तर ती चूक तुमची नाही, सेकंदाला २४ चित्रांच्या फिल्मवर शूट केलेलं आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत आणताना २५ने पळवतात, ते डिस्कवरच तसं आहे. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट केलेल्या मैफलीत हे होत नाही. मेकएमकेव्हीवाल्या रस्त्याने एलपीसीएमसुद्धा रेटची चिठ्ठी लावूनच येतो, त्यामुळे हा अख्खा तमाशा टळतो. ते जुनं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं.

पुढची तक्रार मला तीनचार जणांनी विचारली, 'टाळ्या जोरात येतात, हॉल घुमतो, पण गायक कुठेतरी लांब विहिरीत बसल्यासारखा.' ही विकतच्या, झगमगीत डिस्कची खोड. त्यात आवाज ५.१चा असतो, सहा वाटा, आणि मुख्य गळा बऱ्याचदा मधल्या स्पीकरच्या वाटेत ठेवलेला. कन्व्हर्टरने आळस करून नुसत्या डाव्या-उजव्या उचलल्या की गळा गेला, राहिला हॉल. तर आधी हे बघा की त्याच डिस्कवर दुसरा, साधा स्टिरिओचा ट्रॅक आहे का. बऱ्याचदा असतो, रिमोटवर 'ऑडिओ' बटण असायचं ते त्यासाठीच. मेकएमकेव्हीत टायटल उघडलं की खाली सगळे आवाज दिसतात, त्यातला स्टिरिओ घ्या. हेडफोनवर आणि गाडीत ऐकायला तोच चांगला, तो कुणीतरी कानाने बसवलेला असतो. ५.१ दिसला की काहीतरी भारी मिळालं म्हणून तो उचलायची आपल्याला सवय आहे, ती इथे नडते.

स्टिरिओ नसेलच तर ऑडॅसिटीत उघडा (त्यासाठी एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी टाकावी लागते, नाहीतर ते एसी३ उघडतच नाही). सहा पट्ट्या एकाखाली एक दिसतील. तिसरी मधली, गळ्याची. चौथी जवळजवळ सपाट रेघ, ती धमधम करणाऱ्या वूफरची, ती सरळ काढून टाका, शास्त्रीय गाण्यात तिचं काही अडत नाही. पहिली पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे सरकवायची, तिसरी मधेच ठेवून ३ डेसिबलने खाली. राहिलेल्या दोन मागच्या स्पीकरच्या, त्यात जास्त करून टाळ्या आणि 'वाहवा'. पुस्तकी हिशोबाने त्याही ३ डेसिबलनेच खाली घ्यायच्या, मी ८-१० ने घेतो आणि डावी-उजवीकडे सरकवतो, समोर बसल्यासारखं वाटतं, मागून कुणी टाळ्या वाजवतंय असं नाही. हे सरकवणं विसरलात आणि तसंच एक्सपोर्ट केलंत तर सगळ्या सहा एकमेकांवर पडून आवाज मोनो होतो आणि फाटतो, तेही मी करून बघितलंय.

मग येतो 'आवाज फार बारीक येतो, गाडीचा व्हॉल्यूम पूर्ण करावा लागतो' हा प्रकार. यात लोक सगळ्यात जास्त वाट लावतात असं माझं मत. प्रत्येक फाइल वेगवेगळी 'नॉर्मलाइज' करून टाकतात, म्हणजे तिचा आवाज वरच्या मर्यादेपर्यंत ताणतात. त्याने होतं काय, आलाप जिथे मुद्दाम हळू आहे तो द्रुतच्या तराण्याएवढा मोठा होतो. मैफलीचा चढ सपाट झाला मग राहिलं काय त्यात? आवाज वाढवायचाच तर अख्ख्या मैफलीचा एकदम, एकाच मापाने, तुकडे पाडायच्या आधी.

पण नुसतं अ‍ॅम्प्लिफाय दाबलं तर ऑडॅसिटी म्हणते फक्त १ डेसिबल वाढवता येईल, वर जागा नाही. असं कसं, एवढा बारीक आवाज आणि जागा नाही? गुरुपौर्णिमेच्या रेकॉर्डिंगला मी लाटा मोठ्या करून बघितलं तर अख्ख्या तीन तासांत एकच सुळका वर टेकलेला, बाकी सगळं त्याच्या निम्म्याच्याही खाली. तिथे जाऊन ऐकलं. निवेदक बाई माइकवर बोट आपटून "हॅलो, येतोय ना आवाज?" त्या एका टिचकीने सगळी मैफल खाली दाबून ठेवली होती! तेवढंच अर्धं सेकंद सिलेक्ट करून १२ डेसिबलने खाली आणलं आणि मग सगळं एकदम ६ने वाढवता आलं. असे सुळके बहुतेक टिचकीचे, तबल्यावर हातोडी मारताना माइक जवळ असेल त्याचे नाहीतर पहिल्या रांगेतल्या टाळ्यांचे असतात, गाण्याचे क्वचितच. हात लावायच्या आधी तिथे जाऊन ऐका मात्र.

तुकडे कुठे पाडायचे हाही प्रश्नच आहे. डिस्कवर चॅप्टर असतील तर एमकेव्हीटूलनिक्स चॅप्टरप्रमाणे तोडून देतं, पण आमच्या शूटिंगवाल्याने डोळे मिटून दर पाच मिनिटांनी चॅप्टर टाकलेले. मी हाताने तोडतो आणि राग संपून टाळ्या विरल्यावर, पुढचं वाद्य जुळवायला लागतात त्याच्या आधी. विलंबित आणि द्रुत वेगळे करायच्या फंदात पडू नका, तंबोरा चालू असताना कुठेही तोडलं तरी ऐकू येतं, शिवाय एमपी३च्या सुरुवातीला-शेवटाला थोडी शांतता आपोआप चिकटते, दोन फाइलींच्या मधे तेवढी उसंत पडतेच. एक राग एक फाइल, मग ती सत्तर मिनिटांची का होईना.

कशात ठेवायचं तर गाडीसाठी एमपी३, सेकंदाला २५६ किंवा ३२० किलोबिटची. आमच्या गाडीचा स्टिरिओ एसी३ ओळखतच नाही, तुमचाही बहुतेक नाही ओळखणार. एसी३ची फ्लॅक (काही न गमावता दाबणारी फाइल) करून 'लॉसलेस' झाल्याचं समाधान मानणारे आहेत, पण जे आधीच १९२ किंवा २५६ ला दाबलेलं आहे ते फ्लॅकमध्ये घालून सुधारत नाही, नुसतं फुगतं. फ्लॅक करावी ती एलपीसीएमवाल्या डिस्कची, तिथे खरंच अर्थ आहे, वेव्ह ठेवली तर तासाला ६९० एमबीच्या आसपास जातात. ४८ चं ४४.१ करत बसू नका, एमपी३ला ४८ चालतो, ते फक्त ऑडिओ सीडी जाळायची असेल तर.

डिस्कच वाचत नसेल तर वरचं काहीच कामाचं नाही. आमच्याकडच्या निम्म्या डिस्कवर पावसाळ्याची बुरशी, खोक्यात एकावर एक ठेवलेल्या. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, गोल ओरखडा वाचण्याच्या रेषेतच जातो. तरी अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, खरंच फरक पडतो. डीडीरेस्क्यू म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, ते वाचतील तेवढे भाग आधी उचलून अडलेल्या जागी परत परत जातं, एका डिस्कला रात्रभर लावून ठेवलं, सकाळी दोन जागा सोडून सगळी आली. व्हीएलसीने डिस्कवरून थेट कन्व्हर्ट करू नका असं म्हणेन, माझ्याकडे त्याने अडलेल्या जागा मुकाट गाळल्या आणि सांगितलंही नाही, तराणा चार मिनिटांनी छोटा झालेला काकांनीच पकडला.

आणि कंप्युटर म्हणाला डिस्क कोरी आहे, पण खालच्या बाजूला रंगाचं वर्तुळ बदललेलं स्पष्ट दिसतंय, तर ती फायनलाइज करायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची, राहून गेलीय. ज्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केली त्याच रेकॉर्डरवर फायनलाइज करणं सगळ्यात खात्रीचं. आमच्या अशा दोन आहेत. शूटिंगवाल्याकडे गेलो तर तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, तो म्हणाला रेकॉर्डर माळ्यावर असेल, दिवाळीत साफसफाई करताना बघतो.

गाडीत फाइली उलटसुलट वाजत असतील तर नावाच्या आधी ०१, ०२ घाला आणि पेनड्राइव्ह रिकामा करून त्याच क्रमाने एकेक कॉपी करा, बरेच स्टिरिओ नाव बघतच नाहीत, जी फाइल आधी आली ती आधी वाजवतात. आमच्याकडे भैरवी सगळ्यात पहिली वाजायची, काका म्हणाले कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवतोयस का.